पात्रपत्रिका आणि पात्र : भूमिकाखेळांतील कौशल्यनियमांचा तौलनिक विचार

पात्र म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर साहित्यविचाराने बहुधा लिहून पूर्ण झालेल्या संहितेच्या आधारे शोधले आहे. नाटककाराने वा कादंबरीकाराने पात्र घडवावे आणि मग समीक्षकाने त्याच्याकडे वळावे, अशी रीत पडून गेली आहे. परंतु पात्र अद्याप घडावयाचे आहे, ते कोणत्या मापांनी घडावे याचे नियम मात्र आधीच छापून तयार आहेत, असा एक प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आला. इंग्रजीत त्यास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘भूमिकाखेळ’ हा शब्द योजला आहे. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण कल्पित जगाचे वर्णन करतो, इतर प्रत्येक जण त्या जगातील एकेका पात्राच्या वतीने बोलतो, आणि पुढे काय घडेल हे जेथे निश्चित नसते तेथे फासे टाकले जातात. जगाचे वर्णन करणाऱ्यास खेळाच्या परिभाषेत ‘गेम मास्टर’ असे नाव असले, तरी मराठी वाचकाला ‘सूत्रधार’ या शब्दाने त्याचे कार्य अधिक नेमके कळेल. प्रत्येक खेळाडूपुढे एक कागद असतो. पात्राचे बळ, बुद्धी, वय, शस्त्रे आणि त्याला काय काय येते याची यादी, हे सारे त्यावर अंकांत मांडलेले असते. जन्मपत्रिकेशी असलेले साम्य पाहता या कागदाला ‘पात्रपत्रिका’ म्हणणे वावगे ठरू नये.

या खेळांची नियमपुस्तके करमणुकीच्या साहित्यात जमा केली जातात. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेतलीच, तर ती बहुधा कथानकाच्या अंगाने, म्हणजे राक्षस, जादूगार, अद्भुताचे स्रोत अशा दृष्टीने घेतलेली असते. वस्तुतः या पुस्तकांतील सर्वाधिक विचारार्ह भाग सर्वाधिक नीरस दिसणारा आहे, आणि तो म्हणजे कौशल्यांची कोष्टके. पात्राला काय येते याची यादी करताना नियमकार दोन गोष्टी ठरवून टाकतो. माणूस कशाने घडतो, ही पहिली. मेजावर कोणत्या क्षणी खेळाडूने बोलावयाचे आणि कोणत्या क्षणी फाशाने, ही दुसरी. पहिल्या गोष्टीची चर्चा खेळाडूंच्या वर्तुळात पुष्कळ होते. दुसरीची त्या मानाने कमी होते, आणि पहिलीचा अर्थ दुसरीवाचून लागत नाही, असे पुढील विवेचनात दिसून येईल.

भूमिकाखेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये गेओर्ग फॉन राइसवित्स यांनी नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे सविस्तर नियम सिद्ध केले. त्यात दोन पक्षांखेरीज एक पंच असे. कालांतराने कोष्टकांचे ओझे जाचू लागले तेव्हा, १८७६ मध्ये, फेर्डी दु व्हेर्न्वा यांनी कोष्टके बाजूस सारून खेळ अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोपवला. लिखित नियम की जाणत्याचा निवाडा, हा ताण भूमिकाखेळांना असा वारशानेच मिळाला आहे. मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ रचला आणि खेळाडूंना सैन्यांऐवजी एका गावातील व्यक्तींच्या भूमिका दिल्या. डेव्ह आर्नेसन यांनी त्याच वाटेने पुढे जाऊन ‘ब्लॅकमूर’चे जग उभारले, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह त्यास दिलेले नियमरूप १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन पुस्तिकांत प्रसिद्ध झाले.

या तीन पुस्तिकांत कौशल्यांची यादी नाही. पात्राचे सहा मूलगुण आहेत : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप. प्रत्येक गुण तीन फाशांच्या बेरजेने, म्हणजे ३ ते १८ या मर्यादेत ठरतो. योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीन वर्ग आहेत. नाट्यशास्त्रातील धीरोदात्तादी नायकभेदांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की नायकभेद स्वभावाचे वर्गीकरण करतात आणि हे वर्ग पेशाचे. भिंत चढता येते का, कुलूप उघडता येते का, याविषयी नियम जवळजवळ मौन बाळगतात. गुप्त दरवाजा सापडण्यासाठी सहापैलू फासा टाकावा, अशा तुरळक सूचना आहेत. बाकी सारे बोलून ठरवावयाचे. खेळाडू म्हणतो, दोर कमरेला बांधून भिंतीच्या खाचांत पाय रोवत चढतो. सूत्रधार विचारतो, भिंत ओली आहे, दिवटी कोणत्या हातात आहे? या प्रश्नोत्तरांतून चढणे घडते वा फसते. मौनाचा हा प्रदेश अज्ञानातून राहिला की हेतुपुरस्सर ठेवला, हा वाद येथे गौण आहे. त्या मौनात बोलण्याला जागा होती, एवढे खरे.

पुढील वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी निघाली आणि तीत चोर हा चौथा वर्ग आला. कौशल्यनियमांचा इतिहास खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. चोराला कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, पावले न वाजवता चालणे, सावलीत दडणे, भिंती चढणे अशी कौशल्ये मिळाली आणि बहुतेकांपुढे शेकड्याचा आकडा लागला. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत पहिल्या श्रेणीच्या चोराला सावलीत दडण्याची संधी शेकडा १० आणि भिंत चढण्याची शेकडा ८५ दिलेली आहे. वरवर पाहता ही भर आहे. चोराला काही मिळाले, इतरांचे काही गेले नाही. प्रत्यक्षात गेले. कालपर्यंत सावलीत दडू पाहणारा योद्धा खांब, अंधार, पहारेकऱ्याची पाठ यांचे वर्णन करून दडू शकत होता. आज त्याच्या पत्रिकेवर तो रकानाच नाही, आणि ज्याच्या पत्रिकेवर आहे तो चोरही दहांतून नऊ वेळा उघडा पडतो. सर्वसामान्य असलेली कृती लिहिली जाताच एका पेशाची मिरास झाली. कौशल्याची नोंद ही अशी नेहमीच एक वाटणी असते. ज्याला वाटा मिळाला त्याचे नाव कागदावर दिसते, ज्याचा गेला त्याचे दिसत नाही.

या वाटणीची कसोटी पाहण्यासाठी एखादे तयार पात्र हाती घ्यावे. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकातील शर्विलक या कामी फार उपयोगी पडतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या नाट्यरूपामुळे तो मराठी वाचकाच्या परिचयाचाही आहे. चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडताना तो भिंतीच्या विटा पारखतो, भोकाच्या सात आकृतींचा शास्त्रशुद्ध विचार करतो, आणि मोजण्याची दोरी विसरल्यामुळे स्वतःच्या जानव्याने माप घेतो. वेदवेत्त्या पित्याचा हा पुत्र मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी चोरी करतो, आणि पुढे मित्र आर्यक बंदिवासात पडल्याचे कळताच नवपरिणीत पत्नीला सोडून राजद्रोहाच्या वाटेला लागतो. वर्गव्यवस्थेला असा माणूस पेलत नाही. त्याला चोर म्हटले तर त्याचे ब्राह्मण्य पत्रिकेवर उमटत नाही, आणि ते वगळले तर जानव्याने भिंत मोजण्यातला सारा उपरोधच नाहीसा होतो. शूद्रकाने एकाच वस्तूत दोन पेशे ओवले आहेत. १९७५ चा नियम त्यांतला एकच निवडावयास सांगतो.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’चा येथे उल्लेख करावयास हवा. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विषयांचे अध्यापक होते. त्यांच्या खेळात प्रत्येक पात्राला, त्याचा वर्ग कोणताही असो, काही पूर्वार्जित कौशल्ये फाशाने मिळतात आणि ही कौशल्ये सामाजिक प्रतिष्ठेच्या चढत्या गटांत विभागलेली आहेत. कौशल्य म्हणजे केवळ क्षमता नव्हे, ते समाजातील स्थानही सांगते, ही जाण भारतीय उपखंडाच्या अभ्यासकाकडून यावी यात नवल नाही. (बार्कर यांनी टोपणनावाने नवनाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे २०२२ मध्ये उघड झाल्यापासून त्यांच्या उतरंडींकडे पूर्वीच्या निरागसतेने पाहता येत नाही.) परंतु ही कौशल्ये वापरावयाची कशी याचे नियम तेथे विरळ आहेत, आणि म्हणून हा प्रयोग पुढील विचाराची नांदी एवढाच राहतो.

१९७७ मध्ये मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळप्रवासाचा खेळ आला. या खेळातील पात्रनिर्मिती हा सबंध भूमिकाखेळांतील सर्वांत कादंबरीमय भाग आहे, असे विधान धाडसाचे वाटले तरी करावयास हरकत नाही. पात्र अठराव्या वर्षी सुरू होते. नौदल, सागरी दल, भूदल, टेहळणी, व्यापारी जहाजे किंवा इतर, असे सहा मार्ग त्याच्यापुढे असतात. नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतींची. प्रत्येक मुदतीला जगण्यासाठी फासे टाकावे लागतात, आणि दान चुकले तर पात्र मरते. खेळ सुरू होण्यापूर्वीच मरते. टेहळणी दलात दोन फाशांवर ७ किंवा अधिक पडावे लागतात. काटक माणसाला दोनची सवलत आहे. ती नसेल तर प्रत्येक मुदतीला मृत्यूची शक्यता ३६ पैकी १५. जगले तर कौशल्य मिळते, तेही बव्हंशी फासा देईल ते. कोष्टक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, कोष्टकातील ओळ निवडण्याचे नाही. चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्य शरीर पोखरू लागते. आणखी एक मुदत राहावे तर अनुभव वाढेल, पण हात थरथरू लागतील. आता निवृत्त व्हावे तर हाती फारसे काही नाही. खेळाडू हा सौदा करत असताना पात्राचे पूर्वायुष्य आपोआप लिहिले जाते. ज्याला सैन्यात जावयाचे होते, नाकारला गेला, सक्तीने दुसरीकडे भरती झाला, आणि तेथे लाच देण्याची व कार्यालयीन कागद हलवण्याची कला शिकून चाळिशीला बाहेर पडला, असा मनुष्य कोणी ठरवून रचत नाही. तो निघतो.

या खेळात कौशल्याचा अंक फार लहान असतो : एक, दोन, क्वचित तीन. वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या पत्रिकेवरही कौशल्ये बोटांवर मोजण्याइतकी. पण दोन फाशांची बेरीज ८ किंवा अधिक पाडावयाची असता यशाची शक्यता सुमारे शेकडा ४२ असते. एका अंकाची भर पडताच ती ५८ होते, दुसऱ्या अंकाने ७२. एक हा आकडा म्हणजे त्या कामावर पोट भरणारा माणूस. आणि खेळ सुरू झाल्यावर ही पत्रिका फारशी बदलत नाही. काही शिकावयाचे तर चार वर्षांचा नेटाचा अभ्यास हवा. राक्षस मारून श्रेणी चढवणाऱ्या समकालीन खेळांपुढे हा कठोरपणा अनेकांना जाचक वाटला. त्यात प्रौढ वयाविषयीची एक खरी समज आहे : माणूस चाळिशीत जे आहे ते त्याने पूर्वी काढलेल्या दिवसांचे फळ असते, आणि पुढची वाटचाल त्यालाच घेऊन करावयाची असते. शर्विलक या नियमांनी निघू शकेल. मात्र तो ठरवून काढता येणार नाही.

‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) नेमकी उलट बाजू उचलली. स्टीव्ह पेरिन, रे टर्नी व त्यांचे सहकारी यांनी रचलेल्या आणि ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या कल्पित जगात घडणाऱ्या या खेळात वर्ग नाहीत. पेरिन हे बर्कलीत १९६६ मध्ये सुरू झालेल्या मध्ययुगीन द्वंद्वांच्या हौशी मंडळातले; ढाल-तलवार हाती धरण्याचा अनुभव त्यांना होता. त्यांच्या नियमात प्रत्येक कौशल्य शेकड्यात मोजले जाते आणि कोणतेही पात्र कोणतेही कौशल्य शिकू शकते. शिकण्याचा नियम असा : मोहिमेत जे कौशल्य यशस्वीपणे वापरले त्यापुढे खूण करावयाची. मोहीम संपल्यावर पुन्हा शेकड्याचे दान टाकावयाचे. या वेळी, बुद्धीमुळे होणारा किरकोळ फरक सोडल्यास, आपल्या कौशल्याहून मोठा आकडा पडला तर कौशल्य ५ ने वाढते.

हा छोटासा उलटा फासा बारकाईने पाहण्याजोगा आहे. तीसवर असलेला नवशिका क्वचित यशस्वी होतो, पण झाला की बहुधा शिकतो. नव्वदीवरचा निष्णात जवळजवळ प्रत्येक वेळी यशस्वी होतो, पण त्यातून त्याला शिकण्यासारखे फारसे उरलेले नसते. एकाच प्रयत्नाचा हिशेब केला तर तीसवर वाढीची शक्यता शेकडा २१, पन्नासवर २५ आणि नव्वदवर केवळ ९ येते. गायनाच्या वा कुस्तीच्या तालमीत घाम गाळलेल्या कोणालाही हा आलेख ओळखीचा वाटेल. मधल्या वर्षांत शिष्य झपाट्याने वर येतो आणि अखेरचा पल्ला सरता सरत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खजिना लुटल्याने जादूगाराची जादू वाढते, कारण अनुभव ही एकच नाणी सर्वत्र चालते. ‘रूनक्वेस्ट’मध्ये भिंत चढल्याने भिंत चढणेच सुधारते. पात्राचे कर्म आणि पात्राचे घडणे यांत तेथे कार्यकारणाचा सांधा आहे, आणि तो नियमातच असल्याने सूत्रधाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. शिवाय वाढ निव्वळ वैयक्तिक राहत नाही. पात्र एखाद्या देवपंथाचे असते, शिक्षण पंथाकडून मिळते, आणि पंथातील वीराचे पद हवे तर साधारणतः पाच कौशल्यांत शेकडा ९० गाठावे लागतात. दोषही सांगावयास हवा. खूण मिळवण्यासाठी खेळाडू मोहिमेत एकामागून एक शस्त्रे बदलत बसतात, ही जुनी तक्रार आहे. शिकण्याचा नियम शिकण्याचा देखावा प्रसवतो. कोणत्याही परीक्षापद्धतीचे हेच होते.

हीच शेकड्याची पद्धत घेऊन सँडी पीटरसन यांनी १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ रचला आणि एका ओळीत तिचा अर्थ फिरवला. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर आधारलेल्या या खेळात पात्रे साधी माणसे असतात : प्राध्यापक, वार्ताहर, वैद्य. ग्रंथालयातील शोध हे येथे तलवारीइतके महत्त्वाचे कौशल्य. ‘कथुलू मिथक’ नावाचे एक कौशल्य यादीत आहे. विश्वाच्या मुळाशी असलेल्या अमानुष सत्याचे ज्ञान ते मोजते. त्यात जितकी भर पडेल तितकी पात्राच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा, ९९ मधून वजा होऊन, खाली येते. इतर सर्व खेळांत यादीतील वाढता आकडा म्हणजे लाभ. येथे एका रकान्यात तो ऱ्हास आहे. ज्ञानाने माणूस मोडतो हे लव्हक्राफ्टच्या कथांत सांगितलेले आहे. खेळात ते वजाबाकीने भोगावे लागते, आणि खेळाडू स्वतःच्या हाताने जुना आकडा खोडून नवा लिहितो.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ (१९८६) या खेळाची महत्त्वाकांक्षा कोणत्याही काळातले, कोणत्याही जगातले पात्र एकाच मापाने तोलण्याची आहे. आरंभीच्या आवृत्त्यांत साधारण नायकासाठी १०० गुणांचे भांडवल मिळते. बुद्धी, चपळाई, कौशल्ये यांची त्यातून खरेदी करावयाची. दारिद्र्य, व्यसन, शत्रू, कर्तव्याचे बंधन असे दोष पत्करल्यास भांडवलात भर पडते. कारागिरी म्हणून हे काम वाखाणण्यासारखे आहे. न शिकलेले कौशल्यही मूलगुणातून काही अंक वजा करून आजमावता येते. कुलूप उघडण्यासाठी बुद्धीतून पाच, भिंत चढण्यासाठी चपळाईतून पाच. चोराची मिरास येथे मोडते : सामान्य चपळाईचा, म्हणजे दहा अंकांचा मनुष्यही भिंतीला हात घालू शकतो, जरी तीन फाशांची बेरीज ५ किंवा कमी पडण्याची शक्यता शेकडा पाचही नसली तरी. तीन फाशांच्या बेरजेमुळे दहावरून अकरावर जाताना शक्यता पन्नासवरून साडेबासष्टवर उडी घेते, आणि चौदावरून पंधरावर जाताना पाचाहूनही कमी वाढते. निष्णाताची वाढ मंद असते ही ‘रूनक्वेस्ट’ची जाण येथे फाशाच्या गणितातच मुरलेली आहे.

शर्विलक ‘गर्प्स’मध्ये सहज बसतो. वेदविद्या घ्या, सुरुंगविद्या घ्या, मित्रनिष्ठेचे बंधन घ्या, बेरीज जुळते. ती जुळते हीच अडचण आहे. चारुदत्ताच्या घरातील दारिद्र्य पाहून शर्विलकाच्या मनात जी लाज उभी राहते, ती या व्यवस्थेत एक दोष ठरते आणि दोषाचे गुण मिळतात. त्या गुणांनी तो आणखी चांगला चोर होऊ शकतो. व्यक्तीची दुखरी जागा तिच्या कर्तबगारीचे भांडवल बनते. हे हिशेबनिसाचे मानवशास्त्र आहे, आणि सर्व पात्रे समान गुणांची असावीत या न्याय्य आग्रहातून ते उपजले आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये नशिबाचा अन्याय होता, ‘गर्प्स’ने तो दूर केला, आणि त्याबरोबर नशीबही दूर केले. पात्र आरंभापासूनच खेळाडूच्या इच्छेएवढे असते. कादंबरीकाराला आपले पात्र कधीकधी चकित करते असे म्हणतात. ते सुख या पद्धतीत आरंभी तरी नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे बोलावयाचे कोणी, याकडे वळता येते. २००० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती निघाली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक व स्किप विल्यम्स या तिच्या रचनाकारांनी साऱ्या विखुरलेल्या नियमांना एकच रूप दिले : वीसपैलू फासा, त्यात कौशल्याची भर, आणि सूत्रधाराने ठरवलेल्या अवघडपणाच्या आकड्याशी तुलना. नियम म्हणून ही मोठी सुटसुटीत सुधारणा होती. वर्गांची पकड मात्र सुटली नाही. आपल्या वर्गाबाहेरील कौशल्य दुप्पट किमतीने घ्यावे लागे, आणि अतिशय बेमालूम सापळे शोधण्याचा अधिकार चोराच्या वारसालाच राहिला. परंतु खरा पेच शारीरिक कौशल्यांत नव्हता. मन वळवणे, थाप मारणे, समोरच्याचा हेतू ओळखणे हीसुद्धा आता पत्रिकेवरील आकडे झाली. मन वळवण्याच्या कोष्टकात शत्रुत्व बाळगणाऱ्याला तटस्थ करण्यासाठी २५, स्नेही करण्यासाठी ३५ असे आकडे दिलेले आहेत.

भिंत चढणे मेजाभोवती बसून करता येत नाही; म्हणून तेथे फासा हवाच. बोलणे मात्र मेजाभोवती प्रत्यक्ष करता येते, किंबहुना दुसरे काहीच करता येत नाही. असे असता बोलण्याच्या जागी फासा ठेवणे म्हणजे खेळाच्या एकमेव खऱ्या कृतीलाच अनुमानाने भागवणे होय, असा आक्षेप जुन्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी घेतला. मॅथ्यू फिंच यांच्या २००८ मधील पुस्तिकेने या मंडळींना एक मांडणी मिळवून दिली. पात्राच्या आकड्यांपेक्षा खेळाडूच्या चातुर्याला आणि लिखित नियमापेक्षा सूत्रधाराच्या निवाड्याला तीत अग्रस्थान आहे. फेर्डी दु व्हेर्न्वा यांचा १८७६ चा पक्ष असा पुन्हा उभा राहिला.

हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याची एक किंमत आहे आणि ती सर्वांनी सारखी मोजलेली नाही. मेजाभोवती सगळेच वाक्पटू नसतात. एखादा अडखळत बोलतो, एखादीची भाषा मेजावरच्या भाषेहून निराळी असते, एखाद्याला चारचौघांत शब्दच फुटत नाही. तलवार चालवता न येणारा मनुष्य खेळात वीर होऊ शकतो, मग बोलता न येणाऱ्याने राजदूत का होऊ नये? खेळाडूच्या चातुर्यावर खेळ सोपवला की पात्र बदलले तरी बोलका तोच राहतो आणि मुका तोच. ज्या भूमिकाखेळात भूमिकाच घेता येत नाही त्याला ते नाव कशासाठी द्यावे? तिसऱ्या आवृत्तीच्या यादीने अशा खेळाडूला राजदरबारात उभे राहण्याचा हक्क दिला. हा लाभ लहान नाही, आणि जुन्या पद्धतीचे पुरस्कर्ते त्याची फारशी नोंद घेत नाहीत. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : हक्क मिळाला तो बोलण्याचा नव्हे, न बोलता पार पडण्याचा. मी त्याचे मन वळवतो, सत्तावीस, असे म्हणून दरबार संपतो. राजा काय ऐकून वळला हे कोणालाच, राजालाही, कळलेले नसते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कौशल्ये अठरा उरली आणि आकडे आटोक्यात आले; पेच तसाच आहे.

‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) यादीच काढून टाकली. व्हिन्सेंट बेकर यांच्या या खेळात थोडे मूलगुण आणि थोड्या ठरावीक ‘चाली’ आहेत. पात्राने कथेत ती कृती खरोखर केली, म्हणजे खेळाडूने ती बोलून दाखवली, तरच फासे उचलावयाचे. दोन फाशांवर १० वा अधिक आले तर साध्य, ७ ते ९ ला साध्य पण काही किंमत देऊन, त्याखाली सूत्रधाराची पाळी. मनधरणी करावयाची तर समोरच्याला नेमके काय देऊ करता ते आधी सांगावे लागते. अडखळत सांगितले तरी चालते, सांगावे मात्र लागते. फासा वक्तृत्व मोजत नाही, देऊ केलेल्या गोष्टीचा परिणाम मोजतो. बोलणे आणि दान यांचा क्रम लावण्याचा हा उपाय आजवरच्या उपायांत अधिक समंजस आहे. पात्रे मात्र पुन्हा तयार साच्यांतून निघतात, एका साच्याचे एकच पात्र, आणि १९७४ चे वर्ग वेगळ्या पोशाखात परत आल्यासारखे वाटतात.

मनधरणीच्याच संदर्भात शर्विलकाकडे अखेरचे वळावयास हवे. चौथ्या अंकात तो चोरलेले अलंकार घेऊन मदनिकेकडे येतो. अलंकार वसंतसेनेचेच आहेत हे ओळखून मदनिका त्याला समजावते आणि चारुदत्ताचा निरोप्या म्हणून ते परत करावयास लावते. हा प्रसंग तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी खेळावयाचा झाला आणि शर्विलक खेळाडूच्या हाती असला, तर मदनिकेला फासा टाकताच येणार नाही. सूत्रधाराच्या पात्रांनी खेळाडूच्या पात्राचा कल बदलू नये; आपल्या पात्राचे निर्णय खेळाडूनेच घ्यावेत, असे तो नियम बजावतो. म्हणजे साऱ्या जगाची मने आकड्यांनी वळवता येतात, पण पत्रिकेच्या मालकाचे मन वळवावयाचे तर समोर बसून बोलावेच लागते. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ येथेही फासा टाकू देतो, परंतु तो खेळाडू खेळाडूंपुरता, आणि त्याचे दान हुकूम ठरत नाही. मान्य केले तर अनुभवाची एक खूण मिळते, नाकारले तर जोखीम पत्करावी लागते. निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो. मदनिका खेळाडूच्या हाती असेल तर तिला काय सांगावयाचे ते आधी सांगावे लागेल, सूत्रधाराच्या हाती असेल तर केवळ सांगता येईल. दोन्ही नियमपुस्तकांत तिच्या वाट्याला जे उरते ते तिचे वाक्य.